वरचं लाकूड माझं होतं

आर्वीच्या त्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. शिक्षकांच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं आणि त्याच्याभोवती पुरुष शिक्षक बसत. आम्ही बाया दोघीच. एक मी, नुकतीच बी.एड. होऊन आलेली, मराठी शिकवणारी. दुसऱ्या शिवणाच्या बाई. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, ऐन तिशीत विधवा झालेल्या. मी त्यांना ताई म्हणायची. आम्हा दोघींसाठी भिंतीला लागून एक बाक होता. त्या बाकावर बसायचं, मांडीवर वह्यांचा गठ्ठा घ्यायचा आणि तपासायच्या. गठ्ठा घसरायचा. लाल शाईचे डाग माझ्या प्रत्येक साडीवर होते.

टेबलावर जागा नव्हती असं नाही. त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं असायचं, खर्‍याच्या म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या पुड्या असायच्या, आणि गणिताच्या सरांची छत्री बाराही महिने आडवी पडलेली असायची. छत्रीला टेबल होतं, आम्हाला नव्हतं. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

एक दिवस मी सरळ जाऊन त्या टेबलाशी बसले. चाललेल्या गप्पा थांबल्या, आणि एकेक जण उठून व्हरांड्यात गेला. थोड्या वेळानं एवढ्या मोठ्या टेबलाशी मी एकटीच होते. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. ते आवाज चढवणारे नव्हते. फार गोड बोलायचे.

"बाई, तसा नियम काही नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही तिथं बसल्या की जरा वातावरण अवघडतं."

"मग आम्हाला दुसरं टेबल द्या, सर."

"दोघींसाठी टेबल? बाई, तुम्ही तर वह्या घरी पण नेऊ शकता."

पुरुष शिक्षक वह्या घरी नेत नसत. घरी नेण्यासारखं काम फक्त आमचं होतं.

शाळेच्या मागे, मुतारीच्या भिंतीपलीकडे, मोडक्या सामानाचा ढीग होता. तुटलेले बाक, पोपडे निघालेला फळा, कसले कसले पत्रे. त्यात एक टेबल उलटं पडलेलं होतं, चारही पाय वर. चपराशी त्याला आपली बकरी बांधायचा. एकदा मुलींना कवायतीला घेऊन गेले असताना मी त्याच्या पायाला हात लावून पाहिला. तो हलला नाही. पाय सागवानाचे होते, कातलेले, आणि त्यांना जोडणारी चौकटही शाबूत होती. वरची फळी मात्र कसल्यातरी आडजात लाकडाची. तिला वाळवीनं खाल्लं होतं आणि पावसानं कुजवलं होतं. बोट लावलं तर चहात बुडवलेल्या टोस्टासारखा तुकडा निघून हातात आला.

मी हेडमास्तरांना विचारलं. मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं.

"ते?" ते हसले. "न्या हो, नेऊन टाका. चुलीत घाला, नाहीतर डोक्यावर घेऊन फिरा."

खोलीत सगळे हसले. मी चपराशाला सांगून त्याच दिवशी हातठेला बोलावला आणि ते टेबल ताईंच्या अंगणात नेऊन टाकलं. चपराशी म्हणाला, "बाई, आता माही बकरी कुठं बांधू?" त्याच्या बोलण्यात राग होता. त्या टेबलाचा उपयोग करून घेणारा शाळेत तो एकटाच होता, हेही खरं.

आता वर घालायला लाकूड हवं होतं. माझं गाव पवनारच्या पलीकडे, धाम नदीच्या काठाला. वडील गेल्यावर शेती भाऊ पाहायचा. घराच्या माळ्यावर सागवानाच्या दोन रुंद फळ्या होत्या. वडिलांनी आईसाठी झुला करायचा म्हणून त्या चिरून आणल्या होत्या. झुला काही झाला नाही. कधी कापूस आला, कधी कोणाचं लग्न निघालं, मग वडीलच गेले. सुटीत गावी गेले तेव्हा मी आईला त्या फळ्या मागितल्या. भाऊ तिथंच जेवत होता.

"मले विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं दार करायचं हाय त्याचं," तो म्हणाला. "घरचं लाकूड शाळेत काऊन द्यायचं? शाळेजवळ काय लाकूड नाई?"

आईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "टेबल कायले पायजे तुले?"

"वह्या तपासायला."

"मंग आतापावतर कशावर तपासत होती?"

"मांडीवर."

"अन् मास्तर लोक?"

"टेबलावर."

आईनं भावाच्या ताटात भाकरी टाकली. मग म्हणाली, "काम त्यायच्याइतकंच करतं ना?"

"जास्त करते."

"मंग मांडीवर काऊन?"

आई कधी शाळेत गेली नव्हती, पण तिला राग यायला शाळा लागत नव्हती. भाऊ आणखी काही बोलणार तेवढ्यात ती त्याला म्हणाली, "त्या फळ्या तुह्या बापानं माह्या झुल्यासाठी आणल्या होत्या. झुला तर झाला नाई. आता मी म्हणन तिथं जातीन त्या." आणि तिनं फळ्यांबरोबर वडिलांची सुतारकामाच्या हत्यारांची पेटीही माझ्यापुढे ठेवली. वडील गेल्यापासून भावानं ती पेटी उघडली नव्हती, तरी ती जाताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आर्वीच्या एस.टी.च्या टपावर फळ्या चढवताना कंडक्टरनं कुरकुर केली, पण चढवल्या.

मी स्वतः सुतारकाम करीन असं माझ्या मनातही नव्हतं. मी बाजारातल्या सुताराकडे गेले. तो उद्या येतो म्हणाला, मग परवा येतो म्हणाला, असे पंधरा-वीस दिवस गेले. शेवटी एका रविवारी आला. ताईंच्या अंगणात उभं राहून त्यानं टेबलाकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"मालकाले बोलवा," तो म्हणाला. "मापाचं त्यायच्यासंग बोलतो."

"मालक नाहीत," ताई म्हणाल्या.

"मंग या बाईचे?"

"माझं लग्न झालेलं नाही," मी म्हणाले. "माप मी सांगते ना. लिहून घ्या."

"तसं नाई जमत बाई. घरात कोणी माणूस असन तर सांगजा, मी येतो." आणि तो गेला. सायकलवर बसून निघून गेला. आम्ही दोघी नोकरी करणाऱ्या, शेकडो पोरांना शिकवणाऱ्या, तिथं उभ्या होतो, आणि त्याच्या हिशेबी त्या घरात कोणी माणूसच नव्हतं.

ताई कधी रागावत नसत. त्या दिवशी त्या आत गेल्या, आपली मापाची फीत आणि कापडावर खुणा करायचा खडू घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "पेटी उघड."

जुनी फळी काढण्यातच आमचा पहिला रविवार गेला. खिळे गंजून लाकडात रुतले होते. पकडीनं डोकं धरावं तर डोकं तुटून हातात यायचं आणि खिळा आतच राहायचा. मी हातोडीनं ती कुजकी फळी खालून वर ठोकत गेले. खरं सांगायचं तर मला ते ठोकणं आवडत होतं. प्रत्येक घावाला मी मनात कोणाचं ना कोणाचं नाव घेत होते. ताई म्हणाल्या, "हळू, पाय मोडशील." तेव्हा कुठं मी थांबले.

पुढच्या रविवारी दोन्ही फळ्या मापात कापल्या. ताईंनी खडूनं रेघ मारली, मी करवत धरली. पहिली काप वाकडी गेली. जाड लाकडात करवत एकदा वाट चुकली की ती सरळ होत नाही, हे मला हात भरून आल्यावर कळलं. मग आम्ही दोघींनी आळीपाळीनं, हळू, रेघेकडे डोळा ठेवून दुसरी काप घेतली. ती बरी आली. वाकडी कड आम्ही भिंतीकडच्या बाजूला ठेवायची ठरवली.

खरा त्रास झाला तो दोन फळ्या जोडताना. कडेला कड लावली की मधे फट राहायची. मग मी रंधा घेतला. वडील काम करत असताना लहानपणी मी फळी धरून बसायची. रंधा कधी हातात मिळाला नव्हता, तो भावाला मिळायचा. पहिल्यांदा तो अडकला, लाकडाचे टवके निघाले. पातं थोडं आत ठोकल्यावर पातळ, गुंडाळलेली साल निघायला लागली. थोडं तासायचं, मग दोन्ही कडा एकमेकींवर उभ्या धरून सूर्याकडे करायच्या आणि मधून उजेड येतो का ते पाहायचं. उजेड यायचा. पुन्हा तासायचं. ताई म्हणायच्या, "इथं, या टोकाले." असं करता करता संध्याकाळी एकदा उजेड आला नाही. आम्ही दोघी खाली बसलो.

सरेस लावून फळ्या जोडल्या, खालून आडव्या पट्ट्या मारल्या. चौकटीच्या आतल्या अंगाला लाकडी ठोकळे बसवले आणि त्यांतून खालून वर स्क्रू घातले, म्हणजे वरच्या बाजूला एकही डोकं दिसू नये. मग काचपेपरनं घासलं आणि जवसाचं तेल चोळलं. तेल लागलं तसं लाकूड मधासारखं दिसायला लागलं. ताईंनी त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "आता याच्यावर कापड बेततासुद्धा येईन."

एका सोमवारी शाळा भरायच्या आधी आम्ही टेबल शिक्षकांच्या खोलीत नेऊन बाकापुढे ठेवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा कंबर न मोडता वह्या तपासल्या. पुरुष शिक्षक येऊन टेबल पाहून गेले. एकानं टकटक वाजवून पाहिलं. गणिताचे सर म्हणाले, "कोणत्या सुतारानं केलं?" ताई म्हणाल्या, "आम्ही." ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

हेडमास्तरही आले. त्यांनी टेबलावरून हात फिरवला, दोनदा फिरवला, आणि गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दिवाळीनंतर तपासणीला साहेब येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी मी तासावरून परत आले तर टेबल जागेवर नव्हतं. आमच्या वह्या बाकावर रचून ठेवल्या होत्या. चपराशी म्हणाला, "सरायनं नेलं. साहेब येऊन राह्यले ना. दोन दिवसासाठी हाय म्हणे."

साहेब आले, जेवले, गेले. दोन दिवस झाले, आठवडा झाला. मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले. माझ्या आईच्या फळ्यांवर हिरवं कापड अंथरलं होतं, त्यावर काच होती, काचेवर फायली आणि चहाचा कप. समोर हेडक्लार्क बसले होते.

"सर, आमचं टेबल," मी म्हणाले.

"बाई, टेबल शाळेचं आहे. शाळेची वस्तू शाळेत कुठंही असू शकते."

"तुम्ही ते मला चुलीत घालायला सांगितलं होतं."

"तो विनोद होता हो."

"पाय शाळेचे आहेत, सर. वरचं लाकूड माझं आहे. माझ्या आईनं दिलेलं."

ते खुर्चीत मागे रेलले आणि हेडक्लार्ककडे पाहत, तेच गोड हसू हसत म्हणाले, "असं? मग काढून न्या बाई तुमचं लाकूड."

हेडक्लार्कही हसले. मी बाहेर आले. काही अपमान असे असतात की ते करणाऱ्याला आपण अपमान केला हे कळतही नाही. त्यांनी मला हाकललं नव्हतं, रागावले नव्हते. माझी मागणी विचार करण्याजोगी आहे, एवढंच त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. वर्षभर आम्ही बाकावर बसलो तेव्हाही आलं नव्हतं. मोडकं होतं तोवर ते माझं, बसण्यासारखं झालं की शाळेचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. मी घरून स्क्रू काढायचा पेचकस आणला होता. ताईंना म्हणाले, "तुम्ही नाही आलात तरी चालेल. तुमची नोकरी पक्की आहे, तिला धक्का नको." त्या म्हणाल्या, "कापलं मी, जोडलं मी, अन् काढायले तू एकटी जाशीन?"

हेडमास्तर खोलीत सह्या करत होते. मी म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलं तसं लाकूड न्यायला आलोय."

त्यांना आधी समजलंच नाही. ताईंनी शांतपणे कप उचलून खिडकीत ठेवला, फायली उचलून कपाटावर ठेवल्या. मग आम्ही दोघींनी काच उचलून भिंतीला टेकवली. मी पदर खोचला आणि टेबलाखाली शिरले.

"बाई, हा काय प्रकार आहे?" वरून आवाज आला. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. एकेक स्क्रू मी फिरवत होते. "बाई, बाहेर या. लोक काय म्हणतील?"

ताई म्हणाल्या, "सर, जरा पाय मागे घ्या. स्क्रू पडून राह्यले."

आणि चपला मागे सरकल्या. मला तेवढ्या रागातही हसू आलं. शेवटचा स्क्रू निघाला. आम्ही फळी दोन्ही बाजूंनी धरली आणि उचलली. हिरवं कापड ताईंनी घडी करून हेडमास्तरांच्या हातात दिलं. त्यांच्यापुढे आता चार पाय आणि एक रिकामी चौकट होती, आणि तिच्या मधोमध फरशी दिसत होती. व्हरांड्यात शिक्षक जमले होते. फळी आडवी धरून आम्ही त्यांच्यातून गेलो. कोणी वाट अडवली नाही, कोणी हातही लावला नाही.

सोमवारी संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं. त्यांचा कापसातली सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना होता; ते शाळा आणि जिन एकाच खोलीतून चालवायचे. बाहेर कापसाच्या बैलबंड्या उभ्या होत्या.

"बाई, लाकडाच्या एका तुकड्यासाठी एवढा तमाशा?" ते म्हणाले.

"तुकडा एवढाच होता तर सरांनी ठेवून का घेतला?"

"शाळेत राहायचं तर हेडमास्तरांचा मान ठेवावा लागतो."

"माझा मान कुठं ठेवायचा ते सांगा. बाकावर ठेवते."

ते माफी मागा म्हणाले, मी नाही म्हणाले. ताईंना त्यांनी बोलावलंसुद्धा नाही. शिवण शिकवणारी दुसरी बाई आर्वीत मिळणार नव्हती. हेडमास्तरांना पुढच्या महिन्यात नवं लोखंडी टेबल आलं. म्हणजे टेबल आणणं अवघड कधीच नव्हतं. चौकट पुन्हा मुतारीमागे गेली. आमची फळी आम्ही शिवणाच्या वर्गात दोन मोडक्या बाकांवर आडवी टाकली. ती हलायची, पण तिथं बसून आम्ही ते वर्ष काढलं. दुसऱ्या वर्षी एक विज्ञानाच्या बाई आल्या. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि सरळ शिवणाच्या वर्गात येऊन बसल्या.

त्या वर्षाअखेर माझी बदली संस्थेच्या पुलगावच्या शाखेत झाली. शिक्षा म्हणून असं कोणी म्हणालं नाही. सोय म्हणून, असं म्हणाले. ताईंनी मला फळी घेऊन जा म्हणून खूप आग्रह केला. मी घेतली नाही. त्यावर तेव्हा मुली फ्रॉक बेतायला शिकत होत्या, आणि ताई एकट्या राहणार होत्या.

आईला मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "त्यायनं माफी मांगतली का?"

"नाही."

"मंग अजून संपलं नाई ते," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

पुलगावला माझ्या आधी माझी कीर्ती पोचली होती. गणिताच्या सरांचे साडू तिथं होते. लोक मागून मला टेबलवाल्या बाई म्हणत. पहिल्याच दिवशी नव्या हेडमास्तरांनी मला न मागता टेबल दिलं. लहान, नवंकोरं, ड्रॉवर असलेलं. त्यांनी ते व्हरांड्याच्या टोकाला ठेवलं होतं, सगळ्यांपासून दूर, आणि त्याला एकच खुर्ची होती. "तुमची सोय केली, बाई," ते म्हणाले. "आता तक्रार नको."

आत शिक्षकांच्या खोलीत तीन बाया कोपऱ्यात दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर वह्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला पुन्हा तोच राग आला, आर्वीत यायचा तोच, जराही न झिजलेला. संध्याकाळी मी बाजारातून दोन स्टुलं घेतली, तिसरं घरमालकिणीकडून मागून आणलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात घालून शाळेत नेली.